पायात काटा, जांघेत अवधाण: शरीर रोगजंतूंना कसं ओळखतं

टाचेत काटा मोडतो. सुईने टोकरून आपण तो काढतो आणि विसरून जातो. दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, हात लावला तर गरम लागते, रात्री ठसठसायला लागते. मग चालताना जांघेत ओढल्यासारखं होतं आणि चाचपून पाहिलं तर गोटीएवढी दुखरी गाठ हाताला लागते. जुनी माणसं न बघताच सांगतात, "अवधाण आलंय. पायाला काही लागलंय का बघ."

काटा टाचेत आणि गाठ जांघेत, हे कोडं मला लहानपणी काही केल्या सुटत नसे. बोटाला जखम झाली तर हीच गाठ काखेत येते, घसा धरला तर जबड्याखाली. पुढे उत्तर कळलं तेव्हा ध्यानात आलं, की शरीर रोगजंतूंना कसं ओळखतं याची जवळजवळ सगळी गोष्ट या एका गाठीत दडलेली आहे.

'ओळखतं' हा शब्द मुद्दाम वापरलाय. 'प्रतिकारशक्ती' म्हटलं की वाटतं, शरीरात कसलीतरी ताकद साठवलेली असते. ती भरपूर असली की माणूस ठणठणीत, कमी झाली की आजारी. पण जंतू मारायला शरीराला फार सायास पडत नाहीत. डाग घालवायच्या ब्लीचमध्ये जे जहाल रसायन काम करतं तेच आपल्या पांढऱ्या पेशी स्वतःच्या पोटात तयार करतात आणि गिळलेल्या जिवाणूवर ओततात. अवघड आहे ते कोणावर ओतायचं हे ठरवणं. आतड्यात अब्जावधी निरुपद्रवी जिवाणू सुखाने नांदत असतात, त्यांना हात लावायचा नाही. पोटात गेलेलं अन्न परकं असतं, त्यावर तुटून पडायचं नाही. गर्भातलं बाळ निम्मं वडिलांचं असतं, त्याला सांभाळायचं. आणि आजवर कधीही न पाहिलेला एखादा विषाणू आला तर त्याला मात्र हेरायचं. ही सगळी पारख आहे, आणि तीत चूक झाली तर जिवावर बेतू शकतं.

कातडी शाबूत असते तोवर बहुतेक जंतूंना आत वाटच मिळत नाही. नाकातला शेंबूड, घशातला चिकट द्रव, जठरातलं आम्ल आपापलं काम गुपचूप करत असतात. डोळ्यांतल्या पाण्यात जिवाणूंची भिंत विरघळवणारं लायसोझाइम असतं. पेनिसिलिनच्या आधी, १९२२ मध्ये, अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी ते शोधलं होतं. काटा या सगळ्या बंदोबस्ताला भोक पाडतो आणि आपल्या टोकावरचे जिवाणू थेट आतल्या ओलसर, उबदार मांसात नेऊन सोडतो.

तिथे आधीपासून राहणाऱ्या काही पेशी असतात, त्यांना भक्षक पेशी म्हणतात. एरवी त्या मेलेल्या पेशींचा कचरा उचलत असतात. आता त्यांच्यासमोर दोन गोष्टी येतात. एक म्हणजे फाटलेल्या पेशींतून सांडलेला ऐवज, जो एरवी पेशीच्या बाहेर दिसायलाच नको. दुसरी म्हणजे जिवाणू. पण तो जिवाणू आहे हे त्या पेशीला कसं कळतं? तिला डोळे नाहीत, मेंदू नाही.

१९८९ मध्ये चार्ल्स जेनवे या अमेरिकन शास्त्रज्ञाने याचा एक सुरेख अंदाज बांधला. त्याचं म्हणणं असं, की जंतूंचे प्रकार अगणित असले तरी त्यांची घडण मोजक्याच पद्धतींनी होते. जिवाणूची भिंत ज्या जाळीदार पदार्थाची बनते तो आपल्या शरीरात कुठेच तयार होत नाही. पोहण्यासाठी तो जी शेपटी फिरवतो तिचं प्रथिन आपल्याकडे नाही. कित्येक विषाणू वाढताना दुहेरी धाग्याचा लांब आरएनए तयार करतात, तसा आपल्या पेशींत सहसा सापडत नाही. तेव्हा प्रत्येक जंतू वेगळा ओळखायची गरजच नाही. या थोड्या खुणा ओळखता आल्या तरी पुष्कळ झालं. आणि या खुणा जंतूला सहजी टाकताही येत नाहीत. भिंत टाकली तर जिवाणू फुटेल, शेपटी टाकली तर पोहणार कशाने?

अंदाज खरा निघाला. १९९६ मध्ये फ्रान्समध्ये ज्यूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत दिसलं, की 'टोल' नावाचं जनुक बिघडलेल्या फळमाश्या बुरशीच्या संसर्गाने पटापट मरतात. १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांना उंदरांत त्याच घराण्यातलं जनुक सापडलं, जे काही जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातला विषारी पदार्थ ओळखतं. माणसात टोलसारखी १० प्रथिनं आहेत. काही पेशीच्या पृष्ठभागावर असतात, काही पेशीच्या आतल्या पिशव्यांत. प्रत्येकाची खूण ठरलेली. माशी, उंदीर आणि माणूस एकाच जुन्या युक्तीवर जगतात, हे वाचून मी तरी थक्क होऊन बसलो होतो.

भक्षक पेशी जंतूवर चाल करून जातात हे मात्र त्याच्या शंभरएक वर्षं आधी दिसलं होतं, आणि तेही काट्यामुळेच. १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना गावी इल्या मेचनिकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ तारामाशाच्या पिलांचं निरीक्षण करत होता. पिलं काचेसारखी पारदर्शक असतात, त्यांच्या अंगातल्या पेशींची हालचाल सूक्ष्मदर्शकाखाली सरळ दिसते. घरची मंडळी सर्कस बघायला गेलेली. हा एकटा घरी. त्याच्या मनात आलं, या फिरत्या पेशी शरीराच्या रक्षणासाठी तर नसतील? त्याने बागेतून गुलाबाचे काटे आणले आणि पिलांच्या कातडीखाली खुपसले. रात्रभर त्याला झोप लागली नाही. पहाटे पाहिलं, तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला. १९०८ चं नोबेल त्याला पॉल एर्लिक यांच्यासोबत मिळालं.

आपल्या टाचेत तेच घडत असतं, फक्त ते आपल्याला दिसत नाही. खूण पटलेली भक्षक पेशी रासायनिक हाकारे सोडते. त्यामुळे जवळच्या केशवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली आणि ऊब. वाहिन्यांच्या भिंतींत फटी पडून पाणी बाहेर झिरपतं, म्हणून सूज. रक्तातून वाहत जाणाऱ्या पांढऱ्या पेशी त्या भिंतीला चिकटतात, गडगडत थांबतात आणि स्वतःला चपटं करून फटीतून बाहेर पडतात. यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी सगळ्यांत आधी पोचतात. हाडांतला मगज त्या रोज सुमारे १०० अब्ज तयार करतो, कारण त्यांचं आयुष्यच अल्प. जंतू गिळायचे, मारायचे, स्वतः मरायचं. जखमेतून येणारा पू म्हणजे मुख्यतः यांचीच प्रेतं. हाकारे मेंदूपर्यंत पोचले तर तापही भरतो.

बहुतेक काट्यांची गोष्ट इथेच संपते. पण ही पहिली ओळख ढोबळ आहे. 'कोणीतरी जिवाणू आलाय' एवढंच तिला कळतं. नेमका कोणता, ते नाही. भिंतीवर निसरडं वेष्टण चढवून आलेला जिवाणू भक्षक पेशीच्या हातून निसटूही शकतो. तेव्हा दुसरी, बारकाईची ओळख लागते. आणि ती टाचेत होत नाही.

कातडीत फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या काही पेशी असतात, डेंड्रिटिक पेशी. राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये त्या ओळखून काढल्या, तेव्हा त्यांचं महत्त्व फारसं कोणाला पटलं नव्हतं. या पेशी जंतूचे तुकडे गिळतात, पण लढायला थांबत नाहीत. जागा सोडून लसिकावाहिनीत (पेशींभोवती झिरपलेलं पाणी गोळा करून नेणाऱ्या बारीक नळीत) शिरतात आणि वर, जांघेकडे चालू लागतात. पोचेपर्यंत त्यांनी गिळलेल्या प्रथिनांचे बारीक तुकडे केलेले असतात आणि ते आपल्या अंगाखांद्यावर मांडून ठेवलेले असतात, ओळख परेडसाठी. (स्टाइनमन यांना २०११ चं नोबेल हॉफमन आणि बॉयटलर यांच्याबरोबर जाहीर झालं. त्याच्या तीनच दिवस आधी ते वारले होते आणि समितीला ते ठाऊक नव्हतं. पुरस्कार कायम ठेवला गेला, हे योग्यच झालं.)

जांघेत लसिकाग्रंथी असतात. शरीरभर अशा पाच-सहाशे ग्रंथी आहेत. मान, काख, जांघ, पोट इथे त्यांचे पुंजके. प्रत्येक ग्रंथीतून टी आणि बी नावाच्या पांढऱ्या पेशी सतत ये-जा करत असतात. प्रत्येक पेशी काही तास थांबते, समोर मांडलेले तुकडे चाचपते, आपलं काही नाही असं दिसलं की पुढच्या ग्रंथीकडे निघते. एखादा विशिष्ट तुकडा ओळखू शकणारी पेशी लाखात एखादीच असते, कधी दहा लाखांत एखादी. टाचेच्या कोपऱ्यात ती नेमकी कधी भेटणार? म्हणून शरीराने भेटीची ठिकाणं ठरवून टाकली आहेत.

आता अवधाण. टाचेकडून निरोप आला की ग्रंथीत येणारं रक्त वाढतं, आत शिरणाऱ्या पेशी वाढतात, आणि बाहेर पडायचा दरवाजा काही काळ लागतो. आलेल्या पेशींना जाऊ दिलं जात नाही, जेणेकरून लाखातली ती एक निसटू नये. ग्रंथी फुगते, तिच्यावरचं वेष्टण ताणलं जातं आणि दुखतं. जांघेतली गाठ हा आजार नाही. तिथे शोध चालू असतो. (महिनोन्महिने न बसणारी, न दुखणारी, दगडासारखी घट्ट गाठ ही वेगळी बाब, ती डॉक्टरांना दाखवायलाच हवी.)

शोध घ्यायचा तो कोणाचा? ज्या जंतूला शरीराने पूर्वी कधी पाहिलेलंच नाही त्याला ओळखणारी पेशी आधीपासून तयार कशी? या विषयातलं मला सगळ्यांत विलक्षण वाटणारं उत्तर इथे आहे.

माणसात प्रथिनं घडवणारी जनुकं जेमतेम २० हजार. जंतूंचे आकार त्याहून किती तरी पटींनी जास्त. प्रत्येक आकारासाठी एक जनुक ठेवणं शक्यच नाही. जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये दाखवलं, की बी पेशी घडताना तिच्यातला डीएनए चक्क कापला जातो आणि नव्याने जोडला जातो. अँटिबॉडी म्हणजे बी पेशी ज्याने जंतूला ओळखते ते वाय आकाराचं प्रथिन. त्याच्या मोठ्या साखळीसाठी तीन प्रकारचे तुकडे असतात, सुमारे ४०, २३ आणि ६. प्रत्येक प्रकारातून एक-एक उचलायचा आणि सांधायचा. गुणाकार करा: साडेपाच हजार जुळण्या. लहान साखळीच्या तीनेकशे जुळण्या वेगळ्या. दोन्ही मिळून सतरा-अठरा लाख. त्यावर, सांधताना जोडाच्या जागी काही अक्षरं उडवली जातात, काही मनाला येतील तशी घातली जातात. मग आकडा अब्जांच्या पलीकडे जातो. टी पेशींचे ग्राहकही, म्हणजे जंतूचा तुकडा ओळखणारी त्यांची प्रथिनं, याच रीतीने बनतात. तोनेगावांना १९८७ चं नोबेल मिळालं.

म्हणजे शरीर शत्रू बघून हत्यार घडवत नाही. ते डोळे झाकून अब्जावधी आकार घडवून ठेवतं, प्रत्येक पेशीला एकच आकार, आणि वाट बघतं. बहुतेक पेशी आपल्या आकाराचा जंतू न भेटताच मरून जातात. एवढी उधळपट्टी परवडते, कारण उद्या कोणता जंतू येईल हे सांगता येत नाही. ही युक्ती जबडा असलेल्या पहिल्या माशांच्या काळातली, म्हणजे सुमारे ५० कोटी वर्षांची जुनी आहे.

जांघेत ती लाखातली एक सापडली, की ती विभागू लागते. दोनाच्या चार, चारांच्या आठ, दिवसाला दोन-तीनदा. जंतूच आपल्याला ओळखणारी पेशी निवडतो आणि तिचा वंश वाढवतो, ही कल्पना फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ मध्ये मांडली होती. पण बी पेशीला एकटीच्या ओळखीवर सहसा पुढे जाता येत नाही. त्याच जंतूचा तुकडा ओळखलेल्या मदतनीस टी पेशीने दुजोरा द्यावा लागतो. दोन साक्षी जुळल्या की काम सुरू. मग ग्रंथीत बी पेशी आपल्या अँटिबॉडीच्या जनुकात मुद्दाम चुका करू लागतात, नेहमीपेक्षा सुमारे दहा लाख पट वेगाने. चुकीमुळे पकड सैल झाली तर ती पेशी मरते, घट्ट झाली तर जगते. अशा चाळण्या लागत लागत अँटिबॉडी जंतूला अधिकाधिक अचूक बसते. या सगळ्याला आठवडाभर तरी लागतो. नव्या आजारात पहिले काही दिवस आपण आडवे होतो ते या आठवड्यामुळे.

तयार झालेल्या पेशी सेकंदाला हजारो अँटिबॉडी रक्तात सोडतात. अँटिबॉडी स्वतः सहसा मारत नाही. ती जंतूला चिकटून त्याचं तोंड बांधते आणि भक्षक पेशीला धरायला मूठ देते. मघाशी निसटणारा वेष्टणवाला जिवाणू आता हाती लागतो.

विषाणूंचं तसं नाही. ते आपल्याच पेशीत शिरून लपतात, अँटिबॉडी तिथवर पोचत नाही. त्यासाठी शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आत जी प्रथिनं घडतात त्यांचे तुकडे सतत पृष्ठभागावर मांडते. मारक टी पेशी दारोदार फिरून ते तपासतात आणि परका तुकडा दिसला की त्या पेशीला मरायचा हुकूम देतात. पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियात हे उलगडलं. काही विषाणू हुशारी करून पेशीला तुकडे मांडूच देत नाहीत. तर त्यासाठी वेगळ्या पेशी आहेत. त्या ज्या दारावर काहीच मांडलेलं नाही तेच दार फोडतात.

डोळे झाकून घडवलेल्या अब्जावधी आकारांत स्वतःच्याच शरीराला ओळखणारेही आकार असणार, हे तुमच्या लक्षात आलं असेल. त्यांचं काय? छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वर थायमस नावाची ग्रंथी असते. टी पेशींची परीक्षा तिथे होते. थायमसमधल्या काही पेशी एक चमत्कारिक काम करतात: इन्सुलिनसारखी, शरीराच्या दुसऱ्याच अवयवांची प्रथिनं थोडी थोडी स्वतः बनवून समोर ठेवतात. त्यांना जी टी पेशी घट्ट धरते तिला बहुधा मरावं लागतं. जिला काहीच धरता येत नाही तीही बाद. शंभरातल्या जेमतेम पाचेक पेशी उत्तीर्ण होऊन बाहेर पडतात. तरीही काही चुकार पेशी सुटतातच. त्यांना आवरणाऱ्या नियंत्रक टी पेशी शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवल्या. २०२५ चं नोबेल त्यांना मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासोबत याच कामासाठी मिळालं.

हा लगाम सुटला, की स्वतःचीच इन्सुलिन बनवणारी पेशी परकी वाटू लागते आणि टाइप १ मधुमेह होतो, किंवा सांध्यांवर हल्ला होऊन संधिवात होतो. परागकण शत्रू वाटले तर ॲलर्जी. म्हणून 'प्रतिकारशक्ती वाढवा' असं कोणी सांगितलं की मला विचारावंसं वाटतं, नेमकं काय वाढवायचं? दम्याच्या किंवा ल्युपसच्या (यात शरीर स्वतःच्याच अवयवांवर हल्ला करतं) रुग्णात ती कमी नसते. लगाम सैल झालेला असतो किंवा ओळख चुकलेली असते.

जांघेतली गाठ आठ-पंधरा दिवसांत बसते. वाढलेल्या पेशींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मरून जातात. उरलेल्या थोड्या स्मृतिपेशी म्हणून फिरत राहतात. काही हाडांच्या मगजात मुक्काम ठोकून वर्षानुवर्षं थोडी थोडी अँटिबॉडी सोडतात. ही आठवण किती टिकते याचा फार सुंदर पुरावा १८४६ मध्ये मिळाला. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर गोवराची साथ आली. सुमारे ७,८०० वस्तीपैकी ६,००० च्या वर लोक आजारी पडले. पीटर पानुम हा तरुण डॅनिश डॉक्टर घरोघर फिरून नोंदी घेत होता. बेटांवर याआधीचा गोवर १७८१ मध्ये येऊन गेला होता, मधल्या काळात एकदाही नाही. पानुमला आढळलं, की त्या वेळी लहानपणी गोवर झालेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही; पण त्यांच्याच वयाचे, तेव्हा गोवर न झालेले लोक मात्र आता आजारी पडले. ६५ वर्षं त्या पेशींनी आठवण धरून ठेवली होती.

लस म्हणजे आजार टाळून ही आठवण तयार करणं. काट्याने काटा काढावा तसं, जंतूचाच मेलेला, दुबळा केलेला किंवा तुकड्याएवढा अंश वापरून. एडवर्ड जेनरने १७९६ मध्ये गायीच्या देवीचा द्रव टोचला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. १९८० मध्ये जगातून देवी नाहीशी झाल्याची घोषणा झाली. लस टोचल्यावर कधी काखेत गाठ येते, तेव्हा आत काय चाललंय ते आता सांगायला नको.

गोवराबद्दल मात्र आणखी एक गोष्ट अलीकडे कळली. हा विषाणू नेमका स्मृतिपेशींमध्येच शिरतो आणि त्यांना मारतो. शरीर गोवराला जन्मभर विसरत नाही, पण गोवर शरीराला बाकीच्या जंतूंची ओळख विसरायला लावतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लस न घेतलेल्या मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं होतं. त्यांच्या इतर जंतूंविरुद्धच्या अँटिबॉडींपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशा झाल्या होत्या. वर्षानुवर्षांच्या सर्दी-खोकल्यांतून, जखमांतून, काट्यांतून कमावलेली ओळख. लस घेतलेल्या मुलांत ही पुसापुशी दिसली नाही.